उसनं जागेपण

रात्रीचे तीन वाजले होते. मामाच्या ओट्यावरचा पिवळा दिवा चालू होता आणि त्याखाली गोटू मांडी घालून बसला होता. समोर पेपर अंथरलेला. त्यावर टेबलफॅनचे स्क्रू मांडलेले, आधी मोठे, मग मधले, मग बारीक. एकाही स्क्रूची ओळ मोडलेली नव्हती. पंख्याशेजारी मिक्सर उघडा पडला होता आणि त्याच्या पलीकडे त्याच्या मुलीची कंपासपेटी, तिच्याही बिजागऱ्या काढलेल्या.

"गोटू, काय करतोस भो?"

"यातून आवाज येतोय दादा. सापडला की जोडतो."

मान वर केली नाही. जबडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सारखा चालत होता. तोंडात काही नव्हतं, दातच एकमेकांवर घासत होते. मी दोन हात अंतरावर उभा होतो, तरी मला ते ऐकू येत होतं. मामी दाराआड पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी. ही त्याची तिसरी रात्र होती. तीन दिवस आणि तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

गोटू माझा मामेभाऊ. हे त्याचं घरातलं नावही मी इथे बदललं आहे. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीच्या पट्ट्यातले. माझं गावात मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. तो ट्रकवर ड्रायव्हर, केळी घेऊन दिल्लीला जायचा.

केळीच्या गाडीचं गणित बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. घड हिरवे कापतात, पाला घालून गाडी भरतात, आणि त्या क्षणापासून माल पिकायला लागलेला असतो. उन्हाळ्यात तर फारच लवकर. बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत आझादपूर मंडीत पोहोचायचं, हजारावर किलोमीटर. उशीर झाला, माल पिवळा पडला, की भाडं कापलं जातं. दुसरा ड्रायव्हर सोबत दिला तर मालकाला परवडत नाही. म्हणजे झोप परवडत नाही. माझ्या काउंटरवर या बावीस वर्षांत किती ड्रायव्हर लोकांनी हलक्या आवाजात विचारलं असेल, "मेडिकलवाले, झोप उडवायची गोळी आहे का?" मी नाही म्हणायचो, चहा प्या म्हणायचो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचो. तो माणूस तिथून पुढे कुठे जातो याचा मी कधी विचार केला नाही.

गोटूला वाटेतल्या एका ढाब्यावर पुडी मिळाली. पांढरट पावडर, एमडी. शहरातली पोरं तिला म्याव म्याव म्हणतात. पहिल्यांदा फुकट दिली, असं तो नंतर सांगत होता. "दादा, त्या रात्री ग्वाल्हेरपर्यंत एक जांभई आली नाही. गाडी अशी चालत होती, जशी मीच गाडी आहे." हे सांगताना, सगळं भोगून झाल्यावरही, त्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. मला त्या चमकण्याची आजही भीती वाटते.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. हे रसायन प्रयोगशाळेत पहिल्यांदा १९२९ मध्ये बनलं आणि मग सत्तर-पंच्याहत्तर वर्षं पडून राहिलं. २००३ च्या सुमारास कुणीतरी ते पुन्हा उकरून काढलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. तोवर ते बाळगणाऱ्याला त्या कायद्याखाली धरता येत नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखानाच उघडकीला आणला, तेव्हा आमच्या भागातल्या लोकांनी पेपर वाचून बाजूला ठेवला. नाशिक म्हणजे लांबची गोष्ट. पण आमच्या धुळ्याहून नाशिकला रस्ता जातो, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो.

असे उत्तेजक पदार्थ पूर्वी युद्धात जागरणासाठी वापरले गेले, हे मला फार्मसी शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. मेथॲम्फेटामाइन, म्हणजे मेथ, १८९३ मध्ये जपानमध्ये तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना त्याच्या गोळ्या वाटल्या, जपानने सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना दिल्या. रात्रभर लढा, रात्रभर काम करा. युद्ध संपल्यावर शिल्लक साठा बाजारात आला, हजारो लोक त्याच्या नादी लागले आणि जपानला १९५१ मध्ये खास त्यासाठी कायदा करावा लागला. वाचताना मला सारखं वाटत होतं, सैनिकाची जागा ड्रायव्हरने घेतली, बाकी तेच. ज्याच्या झोपेची किंमत दुसरा कुणीतरी ठरवतो, त्याच्या हातात ही पुडी लवकर येते.

आधी दिल्लीच्या खेपेला एक पुडी. मग जाताना एक, येताना एक. मग घरी असतानाही.

खुणा सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. पँट कमरेवरून घसरायला लागली होती. भाकरी तशीच ताटात राहायची. डोळ्यांच्या बाहुल्या भर दुपारी मोठ्या. हाताच्या कोपराखाली खाजवून खाजवून केलेल्या जखमा, त्याला वाटायचं कातडीखाली काही वळवळतंय. आणि दिवाळीच्या आसपास एकदा तो दुकानात आला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "दादा, छातीत धडधड होते, जळजळ होते, ॲसिडिटीची गोळी दे." वय चौतीस. मी पाकीट दिलं, पैसे घेतले नाहीत, भाऊ म्हणून. नाडीवर बोट ठेवलं नाही. बीपीचं मशीन काउंटरच्या खालच्या खणात होतं.

हे पदार्थ हृदयाला चाबूक मारतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आवळतात. तरण्याताठ्या माणसाला हार्ट अटॅक येऊ शकतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, फिट येऊ शकते. अंगाची उष्णता इतकी वाढू शकते की तीच जीव घेते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनची धग वेगळी. त्यात ही पुडी घेऊन माणूस बारा-बारा तास बसतो. गोटू त्यातून वाचला यात माझा हात नाही. पुन्हा कुणी तरुण पोरगा छाती धरून आला तर मी आता आधी त्याला खुर्चीवर बसवतो, मशीन लावतो, आणि सरळ विचारतो, काय घेतलंस, पोलीस-बिलीस काही नाही, फक्त सांग. दोघांना आतापर्यंत दवाखान्यात पाठवलं आहे.

पण घरातल्यांना सगळ्यात जास्त जाळलं ते संशयानं. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की हा खिडकीला पोतं लावायचा. मोबाईल पाण्यात टाकला, त्यातून कुणी ऐकतंय म्हणून. आणि मग बायकोवर संशय. काय काय बोलला ते मी लिहिणार नाही, ती हे वाचेल. ती आठ वर्षं त्या घरात आहे, सासऱ्याच्या आजारपणात रात्री जागलेली आहे. ती मला एवढंच म्हणाली, "दादा, हे मनातलं बोलतात की पुडीतलं, हे मले कसं समजावं?" या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही.

स्क्रूच्या त्या रात्रीनंतर सकाळी आम्ही त्याला गाडीत घातलं. तापीचा पूल ओलांडेपर्यंत तो मागे वळून वळून बघत होता, कोण पाठलाग करतंय. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागातल्या डॉक्टर बाईंनी आधी काय केलं असेल तर खोलीतली माणसं कमी केली आणि पंखा बंद करायला सांगितला. आवाज नको, गर्दी नको, हळू बोला. मग बीपी, ताप, ईसीजी, साखर. झोपेचं आणि भास कमी करण्याचं औषध दिलं, थोड्या दिवसांसाठी. मामाला त्यांनी स्वच्छ सांगितलं की हे भुताखेताचं नाही आणि स्वभावाचंही नाही. मेंदूत अतिरेकी प्रमाणात रसायन उसळलं की माणसाला असे भास होतात, आणि बहुतेकांचे ते पदार्थ थांबल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत ओसरतात. काहींचे लांबतात, त्यांना औषध जास्त दिवस लागतं. हे ऐकून गोटूच्या बायकोनं भिंतीला डोकं टेकलं. पुडीतलं होतं, मनातलं नव्हतं.

मामा शेतकरी माणूस. तो म्हणाला, "मॅडम, चार दिवस बांधून ठेवतो, उतरेल सगळं." डॉक्टर बाईंनी त्याला विचारलं, "मामा, तुमच्या विहिरीवर मोटर किती तास चालते?" तो म्हणाला, "पाणी असंल तोवर." "आणि रात्रंदिवस चालवली तर?" "आटंल." "मग विहिरीला मारून पाणी येतं का?" मामा गप्प बसला.

त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. आनंद वाटणं, हुरूप येणं, सकाळी उठावंसं वाटणं, या सगळ्यामागे मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन असतं. ते झऱ्यासारखं थोडं थोडं येतं. जेवल्यावर थोडं, लेकरू गळ्यात पडल्यावर थोडं, पहिला पाऊस आल्यावर थोडं. हे पदार्थ साठलेलं सगळं एका दमात बाहेर खेचतात, आणि परत आत जाऊ देत नाहीत. दहा दिवसांचं जागेपण, दहा दिवसांचा हुरूप, माणूस एका रात्रीत उसना घेतो. झरे आटतात. मग लेकरू गळ्यात पडलं तरी काही वाटत नाही.

मधल्या काळात एका नातेवाईकाच्या सांगण्यावरून आम्ही एक खासगी केंद्रही बघून आलो होतो. नाव लिहीत नाही. शटर अर्धं ओढलेलं, आत वीस-बावीस माणसं, मुंडण केलेली. तिथल्या माणसानं आम्हाला अभिमानानं सांगितलं, "पहिल्या दिवशीच सरळ करतो, घरच्यांना तीन महिने भेटायचं नाही." एका पोराच्या पायाला साखळीचा वळ होता. मी मामाचा हात धरून बाहेर आलो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला साखळदंडात ठेवायला बंदी आहे, आणि दारूचा किंवा अमली पदार्थांचा त्रासही त्या कायद्यात बसतो. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून बिनामाराचं काम करतं आहे, तिथे व्यसनी माणसाच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे दुसरा रस्ता महाराष्ट्रात आहे आणि तो जुना आहे. मारणं ही गरज नाही, ती त्या माणसांची सवय आहे.

आणखी एक भीती होती, ती पोलिसांची. दवाखान्यात नाव लिहिलं तर केस होईल का? अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. जो स्वतः सेवन करतो, किंवा ज्याच्याकडे अगदी थोडा माल सापडला, तो आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते. विकणाऱ्याला ही सूट नाही. हे कलम मी कागदावर लिहून दुकानात आतल्या बाजूला चिकटवलं आहे. घाबरलेल्या आईबापांना तेवढं वाचून दाखवलं तरी त्यांचे खांदे खाली येतात.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते.

आम्हाला वाटलं होतं, पुडी सुटली की त्रास सुरू होईल, आरडाओरडा, अंग मोडून येणं, दारू सुटताना होतं तसं. तसं काही झालं नाही. गोटू झोपला. पाच दिवस झोपला. उठायचा, अधाशासारखा खायचा, परत झोपायचा. मामी देवापुढे साखर ठेवून आली, पोरगं सुटलं म्हणून. आणि सहाव्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. झोप नाही, जाग नाही. बोलला तर एवढंच, "काहीच वाटत नही दादा." शेवभाजी केली, आवडीची, बोटभर खाल्ली. मुलगी शाळेतून पहिला नंबर घेऊन आली, त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हात तसाच खाली पडला.

घरातल्यांचा धीर इथे सुटतो. पुडी सुटली ना, मग आता का पडून राहतो? कामाला का जात नाही? नाटकं करतो. आळशी झाला. मामा म्हणाला, शेजारी म्हणाले, मीही मनात म्हणालो. आणि नेमका हाच काळ सगळ्यात धोक्याचा. कारण त्याला एकच गोष्ट पक्की माहीत असते, की एक पुडी घेतली तर पाच मिनिटांत बरं वाटेल. नाहीतर मग जगूच नये असं वाटतं. डॉक्टर बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात फवारणीची औषधं कुठे ठेवता? केळीवाल्याच्या घरात ती कोपऱ्यातच असतात. मामीनं सगळ्या बाटल्या माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आणून टाकल्या, कुलूप लावलं, आणि किल्ली गळ्यातल्या पोतीला बांधली. ती किल्ली वर्षभर तिच्या गळ्यात होती.

मी गोळ्या विकणारा माणूस. तापाला आहे, खोकल्याला आहे, साखरेला आहे. मी रात्री पुस्तकं काढून बसायचो, याला काहीतरी असेलच. अफूच्या, हेरॉइनच्या व्यसनाला औषध आहे, दारूला आहे, तंबाखूला आहे. उत्तेजकांच्या व्यसनावर मान्यता मिळालेली एकही गोळी नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत मेथच्या रुग्णांवर दोन औषधं एकत्र देऊन पाहिली, एक इंजेक्शन, एक गोळी. औषधवाल्यांपैकी १३.६ टक्क्यांना गुण आला, बिनऔषधवाल्यांपैकी २.५ टक्क्यांना. फरक आहे, पण शंभरात चौदासुद्धा नाहीत, आणि तेही मेथसाठी, एमडीसाठी नाही. मी पुस्तक मिटलं. भिंतभर औषधं मांडलेल्या दुकानात बसलो होतो आणि माझ्या भावासाठी त्यात काही नव्हतं. झोपेचं, उदासीचं औषध डॉक्टर देतात, त्याची मदत होते. पण मुख्य दुखण्यावर नाही.

ज्याचा सगळ्यात जास्त पुरावा आहे ती गोष्ट ऐकली तेव्हा मला ती पोरखेळ वाटली होती. बक्षीस. पदार्थ घेतला नाही, ठरल्या दिवशी आलात, की लगेच छोटं बक्षीस. पुढच्या वेळी थोडं मोठं. चुकलात तर शिव्या नाहीत, फक्त बक्षीस परत पहिल्या पायरीवर. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत हे २०११ पासून चालू आहे. विचार केला तर सरळ आहे. ज्याच्या विहिरीत पाणी नाही, त्याला वर्षभरानं पीक येईल हे सांगून काय उपयोग? त्याला आजचा तांब्याभर हवा.

समुपदेशक ताईंनी आमच्यासाठी ते गावठी करून दिलं. लघवीच्या साध्या पट्टीवर एमडी दिसेलच याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांनी हजेरी धरली. दर मंगळवारी सकाळची एसटी पकडून दवाखान्यात जायचं, वहीत सही घ्यायची. पहिल्या सहीला पन्नास रुपये, पुढच्या मंगळवारी साठ, मग सत्तर. पैसे मी माझ्या गल्ल्यातून द्यायचे, त्याच दिवशी, त्याच्या हातात. शंभर पानी वही, वर मुलीच्या अक्षरात त्याचं नाव. बोलण्याचे धडे वेगळे. ढाब्याचा वास, ठरावीक मित्राचा फोन, महिन्याचा पगार, कोणत्या गोष्टीनं पुडी आठवते ते लिहायचं आणि त्या वेळी काय करायचं ते आधीच ठरवायचं. गाडी मालकाला परत दिली. तो मालक चिडला, पण हा रस्ता बंद केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सात सह्या झाल्या आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि गडीमाणसं पत्ते कुटत रात्र काढतात. गोटू रात्रभर बसला आणि सकाळी त्याचे डोळे बघून मला कळलं. मामानं पायातली चप्पल काढली होती. गोटूची बायको मध्ये उभी राहिली. ती म्हणाली, "आज मंगळवार नही, पण मी ह्यांना आजच नेते." दोघं एसटीनं गेले. वहीत त्या दिवशीची सही आहे, पुढे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: रु. ५०. सातव्या पायरीवरून पहिल्या पायरीवर. ताईंनी त्याला विचारलं एवढंच, की गेल्या वेळी घेतल्यावर किती दिवसांनी आलास आणि या वेळी किती. गेल्या वेळी दीड वर्ष लागलं होतं. या वेळी काही तास.

विहीर कधी भरते? २००१ मध्ये मेथ सोडलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रं काढली गेली होती. बारा ते सतरा महिने लांब राहिल्यावर डोपामिनची यंत्रणा बरीचशी पूर्ववत झालेली दिसली, सगळी नाही. हा आकडा मी घरात कॅलेंडरवर लिहून ठेवला. बारा ते सतरा महिने. मामा रोज पुसायचा, अजून किती. म्हणजे त्यानं तोवर थांबायचं कबूल केलं होतं.

श्रावणात कानबाईच्या रोटाला, आमच्या खानदेशी सणाला, गोटू पहिल्यांदा ओट्यावर माणसांत येऊन बसला. नंतर केळीच्या कापणीवर जायला लागला, दिवसाच्या पाळीला. घड डोक्यावर घेऊन बांधावरून येताना दम लागायचा, दात दुखायचे, दोन काढावे लागले. कधी कधी अजूनही म्हणतो, आज काही वाटत नाही दादा. 'आज' हा शब्द त्यानं कधीपासून वापरायला सुरुवात केली ते माझ्या लक्षात आलं नाही.

पौषात आम्ही शेतात भरीत केलं. तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडगीत कुटली, कळण्याच्या पुऱ्या, वर कांद्याची पात. गोटूनं पहिली पुरी खाल्ली, मग ताट पुढे करून दुसरी मागितली. मुलगी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तो तिच्या केसातले काडीकचरे वेचत होता. साडेनऊच्या सुमाराला, मामा कापसाच्या भावाबद्दल काहीतरी सांगत असताना, गोटूला जांभई आली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी.

मामीनं माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचून ती उठली आणि अंधारातच त्याची गोधडी शोधायला लागली.